वाहनांची बोली आणि वडीलधाऱ्यांचा राग

आषाढ-श्रावणातील रविवारी पुण्याहून चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट, पौड ह्या गावांवरून मुळशीच्या जलाशयाकडे आणि तेथून ताम्हिणी घाटाने खाली माणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटारींची रीघ लागलेली असते. डोंगरावरून धबधबे कोसळत असतात, धुके रस्त्यावर उतरलेले असते, आणि त्या धुक्यातून वाट काढणाऱ्या एखाद्या गाडीत तीन पिढ्या बसलेल्या असतात. पुढे चाक धरून नातू, त्याच्या शेजारी त्याचा मित्र, आणि मागे आजोबा. नातू मित्राला सांगत असतो, ‘ही स्टॉक नाही, मॉड केली आहे. टॉर्क बघ, एकदम बीस्ट आहे!’ ह्या वाक्यांतील ‘ही’, ‘नाही’, ‘केली’, ‘बघ’ आणि ‘आहे’ एवढेच शब्द आजोबांच्या ओळखीचे असतात. थोडा वेळ ते गप्प राहतात आणि मग त्यांच्या तोंडून त्रासिक स्वरात निघून जाते, ‘अरे, मराठीत बोला की!’ नातू हसतो, मित्र हसतो, आणि पुढचे वळण येईपर्यंत गाडीत कोणी काही बोलत नाही.

असा प्रसंग आज पुष्कळ घरांत घडतो. तरुणांच्या तोंडची वाहनांची ही नवी बोली ऐकून वडीलधाऱ्यांस राग येतो, आणि भाषेचा शेवट जवळ आला अशी त्यांची खात्री होऊन बसते. हा राग सर्वस्वी खोटा आहे असे नव्हे. परंतु तो नवा आहे अशी जी समजूत असते, ती मात्र खरी नाही. महाराष्ट्रात ह्या रागाला साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि घोडा, बैलगाडी, आगगाडी व मोटार अशी चार वाहने त्या इतिहासाचे चार टप्पे होत. प्रत्येक वाहनाने आपली बोली बरोबर आणली, प्रत्येक वेळी जाणत्या माणसांनी कपाळाला आठ्या घातल्या, आणि प्रत्येक वेळी काही शब्द राहिले व काही गेले. कोणते राहिले आणि का राहिले, हे पाहिले म्हणजे आजोबांच्या रागातील खरे किती आणि वाया गेलेले किती, ह्याचा निवाडा करता येतो.

आरंभ घोड्यापासून केला पाहिजे. आजचा मुळशी तालुका म्हणजे बारा मावळांपैकी पौड मावळ आणि त्याच्या आसपासचा डोंगराळ मुलूख. घनगड आणि कैलासगड हे किल्ले ह्याच तालुक्यात आहेत. शिवकालापूर्वी ह्या मुलखावर सुलतानांचा अंमल होता आणि दरबाराची भाषा फारसी होती. लष्करात घोड्याचे महत्त्व मोठे असल्यामुळे दरबाराबरोबर पागेतही फारसी शिरली. खुद्द ‘पागा’ हा शब्दच फारसीतून आलेला आहे. लगाम, जीन, खोगीर, चाबूक, तोबरा आणि स्वार हे फारसी. रिकीब आणि नाल हे मूळचे अरबी. मजल आणि मुक्काम ह्या प्रवासाच्या शब्दांचे मूळही अरबीच आहे. त्या काळच्या एखाद्या तरुण शिलेदाराने आपल्या नव्या घोड्याचे वर्णन घरी केले असेल, तेव्हा त्याच्या आजोबांनाही क्रियापदांपलीकडे फारसे काही समजले नसेल.

ह्या फारसीच्या भरतीचा त्रास दस्तुरखुद्द छत्रपतींच्या राज्यात जाणवू लागला होता. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला, तेव्हा प्रधानांची फारसी नावे बदलून संस्कृत नावे देण्यात आली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत आणि सरनौबताचा सेनापती. त्यानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते ह्यांच्या देखरेखीखाली ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. त्यात राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले असून त्यांची मांडणी दहा वर्गांत केलेली आहे. शस्त्रे, दुर्ग आणि लेखन ह्यांच्याप्रमाणे चतुरंग सैन्यालाही त्यात स्वतंत्र वर्ग आहे.

ह्या थोर प्रयत्नाचे फळ काय झाले, हे लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. मंत्री आणि सचिव हे शब्द आजही राज्यकारभारात नांदत आहेत, आणि मंत्रालयात जाणाऱ्या कोणालाही ते परके वाटत नाहीत. म्हणजे दरबारातील शब्द बदलता आले. पागेतील मात्र बदलता आले नाहीत. लगाम लगामच राहिला, खोगीर खोगीरच राहिले. कारण उघड आहे. दरबारातील पदवी राजाने द्यावयाची असते आणि ती तो बदलूही शकतो. खोगिराचे नाव मोतद्दार घेतो. पहाटे घोड्याच्या पाठीवर ते चढविताना कोश उघडून पाहण्यास त्याला सवड नसते. जो शब्द हातातील कामाशी बांधला गेला, तो हुकमाने सुटत नाही.

आणि पुढे मौज अशी झाली की, ज्या शब्दांना परके म्हणून नाके मुरडली गेली, त्यांच्यावाचून मराठीचे पान हलेना. बोलण्याला लगाम घालावा लागतो. एखाद्या मंडळात निरुपयोगी माणसांचा भरणा झाला म्हणजे ती खोगीरभरती ठरते. अधाशी पोराने तोंडात घास कोंबले तर त्याने तोबरा भरला असे त्याची आजीच म्हणते. आज जे आजोबा नातवाच्या भाषेवर रागावतात, ते ‘जिभेला लगाम घाल’ असे म्हणूनच रागावतात, आणि आपण एक फारसी शब्द वापरला आहे हे त्यांच्या गावीही नसते. तीनशे वर्षांपूर्वीची पागेतील बोली आज घरातील मराठी झाली आहे.

घोडा हे सरदार-शिलेदारांचे वाहन. सामान्य कुणब्याचे वाहन म्हणजे बैलगाडी. मुळशी खोरे हे भाताचे खोरे असून तेथला आंबेमोहोर प्रसिद्ध आहे. खोऱ्याच्या सपाटीवर गाडी चाले. घाटातल्या अवघड वाटेवर बैलाच्या पाठीवर गोणी लादून माल खाली कोकणात जाई. ह्या बैलगाडीची परिभाषा मात्र जवळजवळ सगळी देशी होती. बैलांच्या मानेवर जू, जुवाच्या भोकांत शिवळा, हातात कासरा, बैलाच्या नाकात वेसण. चाकाच्या मध्यभागी तुंबा, तुंब्यातून निघालेले आरे, दोन्ही चाके जोडणारा आख किंवा कणा, आणि चाकावर चढविलेली लोखंडी पट्टी ती धाव. लोहार ती पट्टी तापवून लाल करी, चाकावर बसवी आणि पाणी ओतून थंड करी. थंड होताना लोखंड आकसे आणि सारे चाक आवळून धरी. ज्या पट्टीच्या बळावर गाडी धावते, तिलाच ‘धाव’ हे नाव देणारा माणूस शाळेत गेलेला नव्हता. परंतु नाव ठेवण्याची कला त्याला साधली होती.

ह्या गाडीनेही भाषेला पुष्कळ दिले. चाके एकाच जागेवरून जाऊन जाऊन रस्त्यात जी खोल रेघ पडते ती चाकोरी. आज साहित्याचे टीकाकार चाकोरीबाहेरच्या लेखनाची वाखाणणी करतात ते त्या रेघेच्याच आधारावर. कामाला खीळ बसते, महागाईला वेसण घालावी लागते, एखाद्या संस्थेचा कारभार सुरळीत चालण्यासाठी वंगण लागते. खेड्यातील गाडीवानाची ही बोली शहरातील सुशिक्षितांच्या कानांना एके काळी गावंढळ वाटत असे. आता ती अग्रलेखांत आढळते.

तिसरा टप्पा इंग्रजी अमलाचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. १८५८ मध्ये पुण्यास लोहमार्ग आला आणि १८६३ मध्ये बोरघाटातील मार्ग पुरा होऊन मुंबई व पुणे ही शहरे रुळांनी जोडली गेली. ह्या वाहनासाठी लोकांनी स्वतःच्या बुद्धीने ‘आगगाडी’ हा सुरेख शब्द बनविला. परंतु स्टेशन, तिकीट, गार्ड आणि सिग्नल हे शब्द जसेच्या तसे आले. त्याच सुमारास शाळा-महाविद्यालयांतून बाहेर पडलेले तरुण बोलताना इंग्रजी शब्दांची पेरणी करू लागले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, तिच्या पहिल्याच निबंधात मराठी भाषेच्या त्या वेळच्या स्थितीचा विचार केला, आणि इंग्रजी शिकलेल्यांच्या स्वभाषेविषयीच्या अनास्थेचा खरपूस समाचार घेतला. त्या काळी इंग्रजी झाडणारे तरुण पुढे स्वतः आजोबा झाले आणि आपल्या नातवांच्या भाषेवर रागावू लागले, हा काळाचा क्रमच होय.

आगगाडीनेही शेवटी मराठीला देणेच दिले. एखाद्या योजनेला सरकारने संमती दिली की तिला ‘हिरवा कंदील दाखविला’ असे छापून येते. बिघडलेला संसार सावरला म्हणजे गाडी रुळावर आली असे म्हणतात. गार्डाच्या हातातील कंदील आणि खडीवरचे रूळ ह्यांतून आलेले हे वाक्प्रचार आहेत. त्यांतील शब्द आज कोणालाही परके वाटत नाहीत. म्हणजे परक्या यंत्राने आणलेल्या अनुभवाला भाषेने आपले कपडे घातले.

येथे मुळशीच्या इतिहासातील एका मोठ्या घटनेकडे वळावे लागते, कारण शब्द कशाने जन्मतात आणि कशाने मरतात ह्या दोहोंचा दाखला तीत सापडतो. मुळा आणि नीळा ह्या नद्यांच्या संगमापाशी धरण बांधून वीज निर्माण करण्याची टाटांची योजना होती, आणि त्यासाठी खोऱ्यातील अनेक गावांची जमीन पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी होते. सुमारे तीन वर्षे तो लढा चालला. अखेरीस धरण झाले, आणि १९२७ मध्ये घाटाखाली भिरा येथील वीजगृह सुरू होऊन मुळशीच्या पाण्याची वीज मुंबईस जाऊ लागली.

ह्या लढ्यामुळे बापटांना लोकांनी ‘सेनापती’ म्हटले, आणि तेच त्यांचे नाव झाले. २४७ वर्षांपूर्वी राज्याभिषेकाच्या वेळी सरनौबताच्या जागी जो शब्द योजला होता, तोच मावळच्या शेतकऱ्यांच्या तोंडी आपसूक आला. त्यांनी बापटांना सरनौबत म्हटले नाही. शिवकालातील भाषाशुद्धी फुकट गेली असे म्हणणारांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. आणि ‘सत्याग्रह’ हा शब्द तर त्या वेळी पंधरा वर्षांचाही नव्हता. गांधीजींनी तो दक्षिण आफ्रिकेतील लढ्यासाठी घडविला होता. अगदी नवा असलेला तो शब्द मुळशीच्या अशिक्षित कुणब्याला अवघड वाटला नाही. कारण त्या शब्दासाठी तो तुरुंगात जात होता. ज्या शब्दाची किंमत माणूस स्वतः चुकती करतो, तो त्याचा होतो.

ही झाली शब्दांच्या जन्माची बाजू. मरणाची बाजू पाण्याखाली आहे. धरणात जी भातखाचरे बुडाली, त्यांना नावे होती; पाणवठ्यांना, पाणंदींना, गाडीवाटांना नावे होती. ती नावे कोणा कॉलेजातील तरुणाने इंग्रजी बोलून मारली नाहीत. ज्याला नाव होते ती वस्तूच गेली, म्हणून नाव गेले. बैलगाडीच्या शब्दांचेही पुढे असेच झाले. शिवळ आणि तुंबा हे शब्द आजच्या मुलांना ठाऊक नाहीत, ते त्यांनी ‘टॉर्क’ हा शब्द उचलला म्हणून नव्हे. त्यांच्या दारात बैलगाडी नाही म्हणून. रागावणाऱ्या आजोबांनी हा भेद केला नाही, तर त्यांचा राग निरपराध्यावर पडतो.

आता चौथे वाहन, मोटार. विसाव्या शतकाच्या आरंभी ती मुंबईच्या रस्त्यांवर धनिकांच्या हौसेची वस्तू होती. १५ जुलै १९२६ रोजी मुंबईत सार्वजनिक मोटारबस सुरू झाली, आणि १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. तिची ‘एस. टी.’ ही अक्षरे लवकरच महाराष्ट्रातील प्रत्येक खेड्यात पोहोचली. पुढे पिंपरी, चिंचवड आणि आकुर्डी येथे मोटारींचे व दुचाक्यांचे मोठे कारखाने उभे राहिले, आणि मावळ-मुळशीच्या शेतकऱ्यांची मुले यंत्रावर काम करू लागली.

मोटार रस्त्यावर येत होती त्याच वर्षांत भाषाशुद्धीचा दुसरा मोठा वाद पेटला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना परकीय शब्दांवर बहिष्कार घालण्याची चळवळ हाती घेतली. दिनांक, महापौर, चित्रपट असे कितीतरी रुळलेले शब्द त्यांच्या नावावर जमा आहेत. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, परके शब्द पचविण्यानेच भाषा बळावते. ह्या वादात माधव जूलियन ह्यांचे उदाहरण मोठे बोलके आहे. हे फारसीचे प्राध्यापक. १९२५ मध्ये त्यांनी फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला, आणि त्यांची आरंभीची कविता फारसी शब्दांनी नटलेली होती. तेच पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले आणि १९३८ मध्ये त्यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ लिहिला. परकी भाषा पुरती जाणणाऱ्यालाही आपल्या भाषेची काळजी वाटू शकते, आणि म्हणून वडीलधाऱ्यांची चिंता ही निव्वळ अडाणीपणाची म्हणता येत नाही, हे त्यांच्या ग्रंथाने दाखविले आहे.

मोटारीच्या बाबतीत ह्या दोन पक्षांपैकी कोण जिंकले? उत्तर असे की, दोघेही थोडे थोडे. राज्य परिवहनाने चालक, वाहक, थांबा, आगार, निमआराम हे शब्द योजिले. त्यांपैकी थांबा आणि आगार लोकांच्या तोंडी बसले. चालक आणि वाहक पाटीवर राहिले, आणि प्रवासी मात्र ड्रायव्हर-कंडक्टरलाच हाका मारीत राहिला. दुचाकी आणि चारचाकी हे शब्द कोणत्याही पंडिताच्या मदतीवाचून घराघरांत पोहोचले. आणि १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने ज्या धर्तीच्या गाड्या आल्या, त्यांना महाराष्ट्राने ‘एशियाड’ म्हणून टाकले. स्पर्धा विस्मरणात गेल्या, पण ‘एशियाडने आलो’ असे म्हणणारी माणसे पुढे कितीतरी वर्षे भेटत राहिली.

परक्या शब्दाचे मराठीत काय होते, हे पाहावयाचे तर गॅरेजात जावे. ‘स्टेपनी’ हा शब्द घ्या. वेल्समधील लानेली गावी स्टेपनी स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर दोघा डेव्हिस बंधूंचे दुकान होते. पूर्वीच्या मोटारींना जादा चाक नसे. ह्या बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक विकण्यास सुरुवात केली आणि त्याला आपल्या रस्त्याचे नाव दिले. इंग्लंडात तो शब्द केव्हाच मागे पडला. महाराष्ट्रात तो खेड्यातील पंक्चरवाल्यालाही ठाऊक आहे. मोटारीच्या मागच्या ‘डिकी’ची कथा थोडीफार अशीच. जे शब्द साहेबाने टाकून दिले, ते आपल्या कारागिराने जपून ठेवले.

शिवाय ह्या शब्दांना मराठीने आपल्या व्याकरणाच्या शिस्तीत उभे केले. गाडी स्त्रीलिंगी, म्हणून मोटार, बस, जीप आणि रिक्षा ह्या सगळ्या स्त्रीलिंगी झाल्या. ट्रक मात्र पुरुष ठरला, टेम्पोही पुरुष ठरला, आणि इंजिन नपुंसक राहून तापू लागले. इंग्रजीत ह्यांना लिंगच नव्हते. गिअर टाकतात, ब्रेक लावतात, किक मारतात. ही क्रियापदे सर्व घरची. आणि पंक्चर? ते आपण ‘काढतो’, जसा पायातला काटा काढावा तसे. गाडी पेट्रोलवर किती चालते हे विचारताना ‘ॲव्हरेज किती देते?’ असे विचारतात. गाय दूध किती देते असे विचारणाऱ्या समाजाचा तो प्रश्न आहे. शब्द परका, पण त्याच्यामागची दृष्टी शेतकऱ्याची. ताम्हिणीच्या वाटेवरील आजोबांना नातवाच्या वाक्यांतील जी क्रियापदे आणि सर्वनामे तेवढी कळली, तीच भाषेचा कणा होत, आणि तो कणा अजून मोडलेला नाही.

मग आजोबांचा राग अगदीच व्यर्थ काय? तसेही नाही. गेल्या काही दशकांत मुळशी तालुक्याचे रूप पालटले. ह्याच तालुक्यातील हिंजवडीत संगणक-उद्योगाची प्रचंड नगरी उभी राहिली, जमिनींचे भाव चढले, आणि भातखाचरे विकून आलेल्या पैशातून काही घरांपुढे मोठमोठ्या मोटारी उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये प्रवीण तरडे ह्यांचा ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट आला, त्याचा विषयच जमीन गमावलेल्या शेतकऱ्याच्या मुलाची वाताहत हा होता. ‘पॅटर्न’ हा शब्द त्याआधी ‘लातूर पॅटर्न’ म्हणून अभ्यासातील यशासाठी महाराष्ट्रास ठाऊक होता. मुळशीच्या नावापुढे येऊन त्याला निराळीच धार चढली. एकच शब्द एका गावी गुणपत्रिकेशी जोडला जातो आणि दुसऱ्या गावी गमावलेल्या सातबाऱ्याशी, तेव्हा दोष त्या शब्दाचा नसतो. बोली ही समाजाच्या नाडीसारखी असते. नाडी जलद चालते म्हणून हातावर रागावून ताप उतरत नाही.

तरुणांच्या बोलीतील शब्दांची पारख करावयाची झाल्यास इतिहासानेच एक कसोटी दिलेली आहे. शब्दामागे हाताचे काम आणि वस्तूचे ज्ञान आहे की नाही, एवढेच पाहावे. ‘टॉर्क’ म्हणणाऱ्या मुलाला चाक फिरविणाऱ्या जोराची कल्पना असेल, आणि चढावर गाडी कोणत्या गिअरमध्ये घ्यावी हे त्यावरून तो ठरवीत असेल, तर तो शब्द खोगिराच्या पंगतीला बसेल आणि पन्नास वर्षांनी कोणाला खटकणारही नाही. ‘बीस्ट’ हा नुसता डौल आहे. त्याच्यामागे काम नाही, ज्ञान नाही. तो दुसऱ्या डौलाला जागा देऊन निघून जाईल. त्याला हाकलण्याचे कष्टही कोणी घेऊ नयेत.

खरे नुकसान होते ते निराळ्याच ठिकाणी, आणि आजोबांनी आपला सारा जोर तेथे खर्च करावा. गाडी चिखलात सापडली की आजचा तरुण म्हणतो, ‘स्टक झाली.’ दगडात सापडली तरी स्टक, उतारावर सरकली तरी स्टक. मराठीत ह्यांना वेगवेगळे शब्द आहेत. चिखलात चाक खाली गेले म्हणजे गाडी रुतली. दोन दगडांत वा खाचेत धरली गेली म्हणजे अडकली. ओल्या वळणावर पकड सुटली म्हणजे घसरली. एका अंगावर गेली म्हणजे कलंडली. हे शब्द नुसते अलंकार नव्हेत. प्रत्येकात उपाय दडलेला आहे. रुतलेल्या गाडीचे चाक जोराने फिरवीत राहिले तर ते अधिकच खोल जाते. चाकापुढचा चिखल उपसून तेथे दगड आणि फांद्या घालाव्या लागतात. अडकलेल्या गाडीला मागे घ्यावे लागते. घसरू लागलेल्या गाडीत घाबरून चाक एकदम वळविणे धोक्याचे असते. चार शब्दांच्या जागी एक शब्द आला म्हणजे चार प्रकारचे शहाणपण एका शब्दात गाडले जाते. बैलगाडी गेली, म्हणून शिवळ गेली, त्याला इलाज नव्हता. परंतु चिखल गेलेला नाही. मुळशीत पाऊस पूर्वीसारखाच कोसळतो, आणि लाखो रुपयांच्या गाडीचे चाकही त्या चिखलात बैलगाडीच्या चाकासारखेच रुतते. ज्याचे काम अजून शिल्लक आहे, तो शब्द जाऊ देणे ही मात्र हानी आहे.

‘रुतणे’ हा शब्द तर मराठी मुलाला वाहनाच्या आधी कथेतून भेटत असे. कुरुक्षेत्रावर कर्णाच्या रथाचे चाक रुतले, ही गोष्ट आजीने सांगितली म्हणजे त्या एका शब्दाने मुलाच्या डोळ्यांत पाणी उभे राही. ‘कर्णाचा रथ स्टक झाला’ असे म्हणून कोणाच्याही डोळ्यांत पाणी येणार नाही. वडिलधाऱ्यांजवळ असा ठेवा असताना तो न देता, मुलांनी आणलेल्या नव्या शब्दांवरच ते चिडत राहिले, तर देणाऱ्याचीही चूक घेणाऱ्याएवढीच होते. रघुनाथपंतांचा कोश असो की सावरकरांचे प्रतिशब्द असोत, त्यांतील जे टिकले ते कोणी तरी कोणाच्या तरी हाती प्रेमाने दिले म्हणून टिकले. रागावण्याने एकही शब्द आजवर टिकलेला नाही, आणि एकही गेलेला नाही.

तेव्हा पुढच्या पावसाळ्यात ताम्हिणीच्या एखाद्या आडवाटेवर चाक चिखलात गरगर फिरू लागेल आणि नातू ‘स्टक झाली’ म्हणेल, त्या वेळी मागच्या आसनावरून ‘मराठीत बोल’ एवढेच येऊ नये. ‘गाडी रुतली आहे, चाक फिरवू नकोस, खाली उतर आणि चार दगड आण’ असे यावे. दगड घालून गाडी एकदा बाहेर निघाली, की तो शब्द नातवाच्या ओठी राहील. आणि मग घरी परतताना नातवाने टॉर्क म्हणजे काय ते समजावून सांगितले, तर तेही आजोबांनी ऐकून घ्यावे.